हाडाच्या मातीची ताटं

मैसूर राज्याचं कर्नाटक झालं त्या सुमारास मी हराजाच्या दालनात नोकरीला लागले. हराज म्हणजे लिलाव. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलतात, पण लिलाव हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो पुण्याहून आलेल्या एका पाहुण्यांकडून. त्यांना वाटलं, मैसूरच्या लोकांनी भाषा बिघडवली. आम्हाला वाटलं, एवढे शिकलेले असून यांना साधा शब्द येत नाही. दोन्हीकडची माणसं समाधानाने जेवून उठली.

तेव्हा मेटगळ्ळीकडे कारखान्यांच्या शेड उभ्या राहत होत्या आणि गावातले जुने बंगले रिकामे होत होते. बंगल्यांतून जे निघे ते आमच्याकडे येई: चिनी मातीची भांडी, दगडी वस्तू, खड्यांचे दागिने. प्रत्येक वस्तूला क्रमांकाची चिठ्ठी बांधायची, ती नीट मांडायची आणि तिचं वर्णन लिहायचं, हे माझं काम. वर्णनात 'सुंदर' हा शब्द घालायचा नाही, असा मालकांचा नियम होता. सुंदर आहे की नाही ते घेणारा ठरवेल, आपण तडा आहे की नाही एवढंच सांगायचं. मला तो नियम फार आवडला. माणसांच्या बाबतीतही मी तोच पाळत आले, आणि त्यामुळे माझं फारसं कुणाशी जमलं नाही.

दगडी वस्तूंचा त्रास वेगळा. बंगल्यांच्या बागांतून उचलून आणलेले नागाचे दगड आमच्याकडे नेहमी असत. मी ते पुसून ठेवले की दुसऱ्या दिवशी कुणीतरी त्यांना हळद-कुंकू लावलेलं असे. झाडूवाली म्हणे मी नाही, पहारेकरी म्हणे मी नाही. हराजाच्या दिवशी घेणारे आधी चप्पल काढून हात जोडत, मग मागे सरून बोली लावत, आणि तीही कमीच लावत. देवाशी घासाघीस करायला कुणाला लाज वाटत नाही, हे मला तिथे कळलं. खड्यांचं उलट. नीलम असला की प्रत्येकाला तो चार दिवस घरी नेऊन उशाखाली ठेवून बघायचा असे, बाधला तर परत. मालक म्हणत, "हे काय स्थळ आहे का, बघून नकार कळवायला?" आणि लाल काच माणिक म्हणून घेऊन येणारी, मोटारीतून उतरणारी घराणी मी कितीतरी पाहिली. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा, हे आमच्या दारावर रंगवून ठेवायला हरकत नव्हती.

चिनी मातीचं मात्र सोपं होतं. नखाने टिचकी मारली की ती खरं सांगते. अखंड असेल तर आवाज लांबवर जातो, तडा असेल तर जागच्या जागी बसतो. बाकी काही शिकावं लागत नाही. ही टिचकी मला मालकांनी शिकवली नाही, ती मी घरून शिकून आले होते.

माझे वडील, त्यांना आम्ही अप्पा म्हणायचो, एका मोठ्या घराण्याच्या बंगल्यावर भांड्यांच्या कोठीवर होते. मेजवानी असली की भांडी मोजून बाहेर काढायची, टेबलं मांडायची, सगळं संपल्यावर मोजून परत आत ठेवायची. आख्ख्या नोकरीत त्यांच्या हातून एक बशी फुटली नाही. बढाई मारणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, पण ही एक गोष्ट ते पाहुण्यांना, शेजाऱ्यांना, दूधवाल्याला, सापडेल त्याला सांगत. पुढे तो बंगला बंद झाला तेव्हा तिथल्या मालकीणबाईंनी त्यांना सांगितलं, कोठीतलं हवं ते एक काहीतरी घेऊन जा. अप्पांनी बारा जणांचा, निळ्या काठाचा आणि सोनेरी रेघेचा जेवणाचा संच मागितला. आईला वाटलं होतं, चांदीचं तबक तरी आणतील. तिने तो संच पाहून फक्त, "हे उचलून आणायला टांगा कशाला केलात?" एवढं विचारलं.

तो संच जयलक्ष्मीपुरमच्या आमच्या भाड्याच्या घरात बाहेरच्या खोलीत, काचेच्या कपाटात राहिला. स्वयंपाकघराचा उंबरा त्याने ओलांडला नाही. आई म्हणे, ही हाडाची माती. गोऱ्यांच्या देशात हाडं जाळून त्यांची राख मातीत कालवतात, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं, आणि ते अगदीच खोटं नाही. आमची लोणच्याची बरणी चिनी मातीचीच होती, पण ती चालत असे. ती कशी चालते, असं मी लहानपणी विचारलं तर "बरणीची गोष्ट वेगळी" असं उत्तर मिळे. आम्ही सणाला केळीच्या पानावर आणि एरवी स्टीलच्या ताटात जेवायचो आणि कपाटातली ती बारा ताटं पाहुण्यांना दाखवायचो.

अप्पांना त्यातल्या एका ताटात एकदा जेवायचं होतं. ही इच्छा त्यांनी लपवून ठेवली नव्हती. वर्षातून एकदोनदा, सणाच्या दिवशी, पानावर बसता बसता ते म्हणत, "आज त्यात वाढलं असतं तर?" आणि आई हातातली पळी थांबवून म्हणे, "बेडा म्हटलं ना? तेच तेच काय परत?" बेडा म्हणजे नको. तिथे विषय संपे. तसल्या ताटांत दुसऱ्यांना जेवताना त्यांनी उभा जन्म पाहिलं होतं, भिंतीला पाठ लावून, कुणाला काय हवं नको बघत. आपल्यापुढे तसं ताट मांडलं जावं, आपल्याला त्यात कुणी वाढावं, एवढंच त्यांना हवं होतं. खाण्याचे शौकीन ते नव्हतेच.

मग घरमालकाला घर हवं झालं. आई-अप्पा माझ्या दोन खोल्यांत राहायला येणार असं ठरलं. माझं लग्न झालेलं नव्हतं आणि व्हायची चिन्हंही नव्हती, त्यामुळे जागेचा प्रश्न दोन माणसांचा नव्हता, कपाटाचा होता. कपाट माझ्याकडे मावत नव्हतं. ते एका डॉक्टरने घेतलं. संच हराजाला लावावा, असं मीच सुचवलं. आईने लगेच मान डोलावली. अप्पा बराच वेळ कपाटाकडे बघत बसले आणि म्हणाले, "सरि, बरं. जाऊ दे. पण जाण्याआधी एकदा मी त्यात जेवणार."

मी सहसा कुणाच्या मध्ये पडत नाही, पण इथे पडले. आईला सांगितलं की यात हाड नाही. ही जुनी, कडक माती. पांढरा दगड कुटून केलेली. हाडाची ती निराळी, उजेडात धरली की दुधासारखी दिसते.

आईने मला विचारलं, "हे तू मुलगी म्हणून सांगतेस की हराजवाली म्हणून?"

"हराजवाली म्हणून."

"मग खरं असेल," ती म्हणाली. मला वाटलं, जिंकलो. पण ती थांबली नव्हती. "हाड नसेल गं. पण त्यात साहेब लोकांनी काय काय खाल्लंय ते ह्यांना विचार. पितळ असतं तर चिंच लावून घासलं असतं, चांदी असती तर राख लावली असती. मातीला शुद्धी नाही. मातीचं भांडं बाटलं की टाकायचं, एवढंच आम्हाला माहीत."

यावर उत्तर शोधणं हराजवालीचं काम नव्हतं. ते अप्पांनी शोधलं. आमच्यातले बरेच लोक ज्या विठ्ठलाच्या देवळात जातात तिथल्या भटजींना त्यांनी जाऊन विचारलं, मातीचं भांडं बाटलं तर काय करावं? कुठल्या मातीचं ते सांगितलं नाही. भटजींच्या डोळ्यांसमोर कुंभाराचं मडकं आलं असणार. ते म्हणाले, पुन्हा भाजलं की शुद्ध, अग्नीपुढे काय उरतंय? अप्पा हे वाक्य घेऊन घरी आले ते लग्न ठरल्यासारखे.

रविवार होता. आई देवळात गेली होती. मी बाहेरच्या खोलीत पेंढा अंथरून संच खोक्यांत भरत होते. अप्पांनी माझ्याकडून एक मोठं ताट मागून घेतलं आणि न्हाणीघरात गेले. तिथे पाणी तापवायच्या चुलीत नारळाच्या करवंट्यांचे निखारे होते. मेजवानीआधी ताटं ऊन पाण्यात बुडवून गरम करायची, नाहीतर गरम सारूने, म्हणजे साराने, ती तडकतात, हे ज्यांनी अनेक पोऱ्यांना शिकवलं, त्यांना निखाऱ्यांचा परिणाम कळायला हवा होता. कळतही असेल. पण भट्टीतूनच जन्मलेली वस्तू आगीला काय भिणार, असा त्यांनी हिशेब केला. आधी ऊन पाण्यात बुडवून, मग पुसून, मग निखाऱ्यांवर, असं सगळं रीतसर केलं.

टण्ण असा आवाज झाला. मी धावले. अप्पा उकिडवे बसले होते आणि चिमट्याने ताट बाहेर काढत होते. काठापासून काठापर्यंत तडा गेला होता, सोनेरी रेघ काळवंडली होती. ते निवेपर्यंत ते तसेच बसून राहिले. मग नखाने टिचकी मारली. आवाज जागीच बसला.

"माझ्या हातनं फुटलं," ते म्हणाले.

ताट फुटलं, असं म्हणाले नाहीत. मला त्यांची इतकी दया आली की तिचा रागच झाला, आणि मी त्यांना बोलले, ते काय सांगायचं. भटजींनाही नावं ठेवली. अप्पा ऐकून घेत होते. आई आली, तिने न्हाणीघरात डोकावलं, "अय्यो देवा" म्हणाली आणि पदर खोचून स्वयंपाकाला लागली. स्टीलची ताटं बांधून झाली होती, म्हणून त्या दुपारी आम्ही तिघं पानांवर जेवलो. जेवणाआधी कुणी काही म्हटलं नाही, अप्पांनीही नाही.

हराजाच्या वर्णनात मी लिहिलं: जेवणाचा संच, बारा जणांचा, एका मोठ्या ताटाला आरपार तडा. अप्पांनी मला दोनदा विचारलं, तडा लिहिलास ना? जणू मी तो दाबून ठेवणार होते. झाकली मूठ सव्वा लाखाची असते हे खरं, पण आमचा धंदा मुठी उघडायचा होता, आणि आपल्या घरची मूठ उघडताना माझा हात थोडा जड झाला, एवढं मी कबूल करते.

हराजाला अप्पा आले. काळा कोट घालून शेवटच्या रांगेत बसले. आई आली नाही. आधी एक नागाचा दगड गेला, मग दगडी दीपमाळेचा वरचा भाग, मग नीलमाच्या कुड्या. कुड्यांना दोघंच घेणारे, आणि दोघंही एकमेकांना "तुम्ही घ्या, तुम्ही घ्या" असं म्हणत असल्यासारखे हळू बोलत होते. त्यानंतर आमचा संच मांडला गेला. लोक उठून पुढे आले. ताटं उचलली, उलटी केली, खालचा शिक्का पाहिला, टिचक्या मारल्या. एकाने अंगठा ओला करून सोनेरी रेघ घासून बघितली. मी नेहमीच्या जागी उभी होते आणि नेहमीसारखी दिसत असेन अशी माझी समजूत आहे.

मालकांनी तड्याचं मोठ्याने सांगितलं. बोली वर जाईना. बेंगळूरूचा एक व्यापारी म्हणाला, मला फक्त झाकणाचं मोठं भांडं आणि रस्सा वाढायच्या त्या दोन होड्या द्या, ताटं नकोत. दुसऱ्याला हॉटेलच्या भिंतीवर लावायला सहा ताटं हवी होती, कुठलीही. मालकांनी "ओंदु सारि" म्हटलं, "एरडु सारि" म्हटलं आणि तिसऱ्या वेळेआधी थांबून माझ्याकडे बघितलं. संच फोडून द्यायचा का, असा त्याचा अर्थ. ठरवायचं घरच्यांनी असतं, आणि घरची मी होते, पण मी उत्तर द्यायच्या आत शेवटच्या रांगेतून अप्पा उभे राहिले.

"बेडा," ते म्हणाले.

एवढंच. मग बसले. सगळ्यांनी मागे वळून पाहिलं आणि मालकांनी पुढचा क्रमांक पुकारला. हराजात परत गेलेल्या वस्तूबद्दल कुणी चौकशी करत नाही. बघून नाकारलेल्या मुलीबद्दल करत नाहीत, तसंच.

संच माझ्या दोन खोल्यांत परत आला. काचेचं कपाट डॉक्टरकडे गेलं होतं. बाहेरच्या खोलीत आई-अप्पांचे पलंग, माझं टेबल आणि एक खुर्ची. खोकी ओलांडत आम्ही काही दिवस काढले. एकदा आई ठेचकाळली. मग तिनेच ती उघडली आणि ताटं स्वयंपाकघरातल्या फळीवर, तांदळाच्या डब्याच्या वर, एकेक करून रचली. दुसरी जागाच नव्हती. तडा गेलेलंही रचलं, सगळ्यात खाली. मी कामावरून आले तेव्हा सगळं झालेलं होतं आणि आई दुसरंच काहीतरी बोलत होती.

अप्पा त्या फळीकडे बघत नसत. दूधवाला नवीन होता, त्याला त्यांनी आपली जुनी गोष्ट सांगितली नाही. ती आता खरी राहिली नव्हती आणि खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. जेवायला बसले की पहिल्या वाढीनंतर हात आडवा धरून "साकु" म्हणत. पुरे. आई पळी तशीच धरून एक क्षण थांबे आणि मग भांड्यावर झाकण ठेवी. मी म्हटलं, वय झालं, भूक कमी होते. आई म्हणाली, "तुला टिचकी मारता येते ती भांड्यांना."

मग एक सुट्टीची दुपार आली. सण नव्हता, वार नव्हता. आईने भात, सारू आणि घेवड्याची पल्या म्हणजे भाजी केली होती. मी स्टीलची तीन ताटं काढली तर तिने त्यातलं एक परत ठेवलं, फळीवरून निळ्या काठाचं एक ताट काढलं आणि बाहेर येऊन अप्पांना म्हणाली, "अहो, उठा. जेवायला बसा."

अप्पांनी ते तिच्या हातात पाहिलं. "हे कशाला? त्याची शुद्धी कुठे झाली..."

"हराजात चार गावच्या लोकांनी हात लावून बघितलं," आई म्हणाली, "उलटं करून बघितलं, आणि सगळ्यांनी नको म्हटलं. आता ते आमचंच झालं की. आमच्या घरच्याला कसली शुद्धी?"

असलं धर्मशास्त्र मी कुठे ऐकलेलं नाही. पण त्याच्या विरुद्ध बोलायला तिथे कुणी नव्हतं.

अप्पांनी ताट तिच्या हातातून घेतलं. ते आत गेले, ऊन पाण्यात बुडवून काढलं, कोरडं पुसलं. माझ्या टेबलावरची पुस्तकं बाजूला करून त्यांनी ते मांडलं, टेबलाच्या कडेपासूनचं अंतर अंगठ्याने बघितलं, जरासं सरळ केलं, खुर्ची मागे ओढली. आणि मग भिंतीला पाठ लावून, हात मागे घेऊन उभे राहिले.

आम्ही दोघी बघत होतो. त्यांना आपण काय करतोय हे कळत नव्हतं. मी त्यांना असं उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं, कारण त्यांच्या कामावर मी कधी गेलेच नव्हते. मी वळून सारूचं भांडं बघायला गेले.

"कोण यायचंय आता?" आई म्हणाली. "तुम्हीच बसायचं."

ते खुर्चीच्या कडेवर बसले. आईने उभं राहून वाढलं. भात, भाजी, सारू. तिने विचारलं, "अजून?" ते म्हणाले, "घाल." पुन्हा विचारलं, पुन्हा घाल म्हणाले. ते हातानेच जेवत होते, सावकाश, काठावर शीत लागू न देता. बऱ्याच वेळाने त्यांनी पंजा ताटाच्या काठावर टेकवला आणि तसाच ठेवला.

"ऊन राहतं गं," ते म्हणाले.

"काय?"

"अन्न. शेवटच्या घासापर्यंत ऊन राहतं. ते लोक तास-तास जेवत बसायचे. मी उभा राहून मनात म्हणायचो, काय यांची ऐट. ऐट नव्हती गं ती. त्यांचं गार होत नव्हतं."

आई हातात पळी घेऊन उभी होती. "आणि तुमचं?" तिने विचारलं.

"माझं?" अप्पांना प्रश्नच नीट कळला नाही. "माझं गारच असायचं की."

त्यांच्या लग्नाला तेव्हा किती वर्षं झाली होती कोण जाणे. हे त्यांनी तिला कधी सांगितलं नव्हतं, आणि तिनेही विचारलं नव्हतं. आईने त्यांच्या ताटाकडे बघितलं, मग सारूच्या भांड्याला बाहेरून हात लावून पाहिलं. त्याची वाफ अजून निघत होती. तरी ती ते उचलून आत घेऊन गेली, आणि मला स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज ऐकू आला.